दुखवट्याचा कच्चा खर्डा

माणूस जिवंत असतानाच त्याच्या दुखवट्याचा ठराव लिहून तयार ठेवावा, ही कल्पना केशवराव वकिलांची. केशवरावांच्या कल्पना नेहमी चांगल्या हेतूने सुचलेल्या असत आणि त्या निस्तरायला नेहमी दुसरा कोणीतरी लागे. या खेपेला तो मान गोपाळकृष्ण मास्तरांना मिळाला.

झालं होतं असं, की आदल्या वर्षी अकोल्याच्या एका वाचनालयाचे अध्यक्ष वारले आणि तिथल्या मंडळींनी जो दुखवट्याचा ठराव केला तो फारच सुरेख उतरला. साप्ताहिकात छापून आल्यावर अमरावतीतल्या कितीतरी घरांत तो कापून जपून ठेवला गेला. एका गृहस्थांनी तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारलं, "मी गेल्यावर असं काही लिहितील का माझ्यावर?" ती म्हणाली, "आधी जा तर खरं." ते असो. कापसाच्या भावात अकोल्याने पुढे जावं, हे अमरावतीकर एक वेळ सोसतील. पण अकोलेकरांनी आपल्यापेक्षा चांगलं रडून दाखवावं, हे कसं सोसावं? केशवराव अमरावतीच्या वाचनालयाचे चिटणीस होते, आणि तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

अशात त्यांच्या वाचनालयाचे अध्यक्ष खुशालराव आजारी पडले. खुशालराव संत्र्यांचे मोठे बागाईतदार. बडनेऱ्याच्या वाटेला त्यांची बाग आणि बागेतच घर. वाचनालयाला जागा त्यांनी दिली म्हणून ते अध्यक्ष. डॉक्टरांनी हात टेकल्याचं कळताच केशवराव तडक मास्तरांकडे आले.

"अकोल्याचा ठराव घाईत लिहिलेला, मास्तर, तरी एवढा साधला. आपण आधीपासून बसून लिहिला तर केवढा होईल! ते गेले की त्याच संध्याकाळी सभा."

मास्तर नाही म्हणणार होते. पण केशवराव पुढे म्हणाले, "असं गद्य अख्ख्या वऱ्हाडात तुमच्याशिवाय कोणाला जमतं?" मग नाही म्हणायला काही कारणच उरलं नाही.

मास्तर शाळेत मराठी शिकवत. त्यांच्या गद्यात विशेषणं एकटीदुकटी कधी फिरत नसत, घोळक्याने येत. पोरांचे निबंध तांबड्या शाईने रंगवून 'पुन्हा लिहून आणा' असं ते नोकरीभर बजावत आले होते. स्वतः मात्र त्यांनी कधी काही दुसऱ्यांदा लिहिलं नव्हतं. त्यांच्या मते दुसऱ्यांदा लिहिणं हा पहिल्यांदा चुकलेल्यांचा उद्योग होता. तेव्हा त्यांनी एका बैठकीत ठराव लिहिला आणि अंगणात कुरड्या घालत बसलेल्या रमाबाईंना वाचून दाखवला. बाईंचा हात थांबला. डोळ्याला पदर लावून त्या म्हणाल्या, "कोण गेलं हो?"

"अजून कोणी नाही," मास्तर समाधानाने म्हणाले.

केशवरावही ठराव वाचून गहिवरले. आणि गहिवरता गहिवरता त्यांना वाचनालयाचा नियम आठवला. सभेपुढे येणाऱ्या कुठल्याही ठरावाच्या खर्ड्यावर आधी अध्यक्षांची सही पाहिजे, असा तो नियम. अध्यक्ष नसतील तर उपाध्यक्षांची म्हणावं, तर ती जागा रिकामी होती, कारण तिच्यावर कोणीही बसलं तरी उरलेले राजीनामा देणार होते. नियम बदलायचा तर ठराव करावा लागणार, आणि त्या ठरावाच्या खर्ड्यावर अध्यक्षांची सही लागणार. हा नियम केशवरावांनी स्वतः लिहिलेला होता. दुसऱ्याने लिहिलेले नियम मोडण्यावर वकिलाचं पोट चालतं, पण स्वतःचा नियम मोडायला तो जीव गेला तरी तयार होत नाही.

"सोपं आहे," ते म्हणाले. "त्यांच्या सहीसाठी किरकोळ ठराव पडलेले आहेत. त्यात हा सरकवा. तापातला माणूस, काय वाचतो?"

शाळा सकाळची होती. सुटल्यावर खुशालरावांच्या गड्याने, सूर्यभानने, बैलांची हलकी गाडी, दमणी, आणली आणि मास्तर भर दुपारी बागेत पोचले. वैशाखातली दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बागेत शिरल्यावर मास्तरांना जाणवलं, की इथं आवाजच नाही. मोट थांबलेली, झाडांवरचे होले गप्प, पानसुद्धा हलत नव्हतं. ओसरीवर वाळ्याचा पडदा सोडलेला आणि पडद्यामागे बाजेवर खुशालराव उताणे पडलेले. डोळे मिटलेले. उशाशी त्यांची बायको माणिकबाई पंखा घेऊन बसल्या होत्या, पण वारा घालत नव्हत्या. नुसत्या त्यांच्याकडे पाहत होत्या.

बैलांच्या घुंगरमाळा थांबल्या आणि खुशालरावांनी डोळे उघडले.

"मास्तर आले," ते म्हणाले. "बसा. काय आनलं?"

मास्तरांनी कागद पुढे केले. घेताना त्यांच्या बोटांना खुशालरावांचा हात लागला. तो माठाच्या बुडासारखा गार होता. त्या महिन्यात अमरावतीत काहीही गार नसतं, माठातलं पाणीसुद्धा नाइलाजानेच गार होतं. मास्तरांनी हात मागे घेतला आणि धोतराला पुसला.

"वाचा."

"आपण आराम करावा. मी नुसत्या सह्या—"

"वाचल्याबिगर मी सही करत नाई. वाचा."

मास्तरांनी नव्या रांजणाचा ठराव वाचला. तो मंजूर झाला. बाकांना रंग देण्याचा वाचला. तोही मंजूर झाला.

"तिसरा तं जाडजूड दिसून राहिला."

"तो अगदी किरकोळ आहे."

"किरकोळ असन तं लवकर होईन. वाचा."

यानंतर मास्तरांनी जे केलं त्याचा खुलासा त्यांना पुढे कधीही करता आला नाही. कागद खिशात घालता आला असता, चक्कर आल्याचं सोंग करता आलं असतं. पण नोकरीभराची सवय वाईट. कोणी 'वाचा' म्हटलं की ते वाचत, आणि स्वतःचं असलं की हातवारे करून वाचत.

"'वऱ्हाडभूमीचे थोर सुपुत्र, ज्ञानगंगेचे भगीरथ, दीनदुबळ्यांचे कल्पवृक्ष, अजातशत्रू श्रीमान खुशालराव यांच्या अकाली निधनाने अवघा वऱ्हाड पोरका झाला असून...'"

इथं मात्र त्यांचा आवाज आपोआप बसला. दाराशी उभा असलेला सूर्यभान हळूच बाहेर निघून गेला. माणिकबाईंनी मान खाली घातली.

"अकाली?" खुशालराव म्हणाले. "मले सत्तर उलटले. अकाली कसं?"

"तसं लिहायची पद्धत—"

"खोडा. आन् अजातशत्रू म्हंजे काय?"

"ज्याला कोणी शत्रू नाही असा."

खुशालराव हसले. हसले म्हणजे तोंड हसलं. छाती हलली नाही. मास्तरांनी ते पाहिलं आणि आपण ते पाहिलंच नाही असं ठरवून टाकलं.

"बांधापलीकडच्या देवीदासले हे वाचून दाखवसान, तं तो या कागदात फुटाने बांधन. खोडा. आन् भगीरथ खोडा. जागा दिली म्हने! ते खडकाळ होती, मास्तर. तठी हरळी बी येत नव्हती."

"मग लिहू तरी काय?"

"खरं असन ते. नीट लिवून आना, मंग मी सही करतो."

मास्तर चाचरत म्हणाले, "पण डॉक्टर तर म्हणतात..."

"डॉक्टरचं डॉक्टर पाहीन. मी अध्यक्ष हाओ. सहीबिगर ठराव होत नाई, ठरावाबिगर दुखवटा होत नाई. मंग दुखवट्याबिगर मी जाऊ कसा? उद्या या."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मास्तरांच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. पहिली, की आपलं गद्य एका मराठी चौथी झालेल्या माणसाने खोडलं. दुसरी, की त्या माणसाचा श्वास चालू आहे का, ते बघायला हवं. पहिली गोष्ट इतकी झोंबली की दुसरी राहून गेली.

परतताना सूर्यभानने विचारलं, "मालक खरंच बोलले जी तुमच्यासंगं?"

"तू होतास की दाराशी."

"हो," सूर्यभान म्हणाला. "मले वाटलं मलेच भास झाला. कालपासून त्याइनं पानी बी नाई मांगतलं." मग त्याने उगाच बैलांची शेपटी पिरगाळली आणि दमणी उधळली.

त्या संध्याकाळी मास्तर आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यांदा लिहायला बसले. 'अकाली' काढलं तसं त्याला टेकून उभं असलेलं 'अवघा वऱ्हाड' पडलं. 'पोरका' मग एकटंच काय करणार? मास्तरांना घरातलं सामान कोणी उचलून नेत असल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात शेजारच्या बेबीताई आल्या. बेबीताईंना शहरातली सगळी भुतं नावानिशी ठाऊक होती, आणि काहींचे मामे-मावसेही.

"भर बाराले बागेत जाऊन राहिले म्हने तुमी? नोका जाऊ. आन् जासानच, तं त्याइच्या अंगावर माशी बसते का तेवढं पाहा."

"माशीचं काय?"

"जित्या मानसावर बसते. मेल्यावर बी बसते. जो इकडचा नाई आन् तिकडचा बी नाई, त्याच्यावर बसत नाई. तिले समजते."

सुशिक्षित माणसाने अशा बोलण्याकडे लक्ष देऊ नये, असं मास्तरांचं ठाम मत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी दुसरं काहीही पाहिलं नाही. आंब्याच्या साली कोपऱ्यातल्या टोपलीत पडलेल्या होत्या आणि तिथं माश्यांचं मोहोळ उठलं होतं. मास्तरांच्या टकलावर, कागदावर, दौतीच्या तोंडावर माश्या होत्या. खुशालरावांच्या बाजेभोवती मात्र एकही नव्हती. त्या येत, बाजेपासून हातभर अंतरावर वळत आणि परत जात. मास्तर इतके टक लावून बसले, की खुशालरावांना दोनदा विचारावं लागलं, "कल्पवृक्ष अजून कावून ठेवला?"

दिवस असे जाऊ लागले. अकोल्याहून मोठे डॉक्टर आले. त्यांनी नळी छातीला लावली, पोटाला लावली, पुन्हा छातीला लावली आणि शेवटी नळीच हातात धरून पाहिली. मग ते माणिकबाईंना हलक्या आवाजात म्हणाले, "मला काही ऐकू येत नाही."

"मले तुमचं आयकू येऊन राहिलं," खुशालराव डोळे न उघडता म्हणाले. डॉक्टर दुपारच्याच गाडीने अकोल्याला गेले. छत्री ओसरीवर राहिली ती राहिलीच, ती न्यायला कोणी आलं नाही.

इकडे केशवराव हैराण झाले होते. त्यांनी सभेसाठी जागा घेतली होती. अध्यक्षांच्या तसबिरीला चौकट करवली होती. बोलता बोलता कोणापाशी काही बोलून गेले असतील, पण नांदगाव खंडेश्वरहून माणिकबाईंच्या नावे समाचाराचं, म्हणजे दुखवट्याचं कार्डही आलं. खुशालरावांनी ते मास्तरांकडून वाचून घेतलं, आणि 'मजकूर बरा हाय, पन लांबला' असं सांगून शेवटच्या ओळी कापायला लावल्या. वऱ्हाड त्या काळी कागदावर निजामाचा आणि कारभाराला नागपूरचा. कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरंच, याची वऱ्हाडी माणसाला सवय असते. पण तिलाही काही सुमार आहे, असं केशवरावांचं मत पडलं. ते स्वतःच बागेत गेले.

त्या दिवशी मास्तरांना शाळेत उशीर झाला होता. केशवराव ओसरीवर येऊन बसले. हाका मारल्या. हात धरून पाहिला. पापणी उचलून पाहिली. मग त्यांनी टोपी काढली, क्षणभर मान लववली, आणि ज्याची इतके दिवस वाट पाहिली ते वाक्य म्हटलं, "माणिकबाई, आपण सगळेच पोरके झालो." तितक्यात वाटेवर घुंगरमाळा वाजल्या.

"टोपी घाला वकीलसाहेब," बाजेवरून आवाज आला. "ऊन लय हाय."

केशवराव टोपी हातात घेऊन बागेच्या फाटकापर्यंत पळत गेले. वकिली पोशाखात माणूस किती जोरात पळू शकतो हे मास्तरांनी दमणीतून पाहिलं. एरवी त्यांना हसू आलं असतं. पण ओसरीवर चढण्याआधी त्यांनी सूर्यभानला दमणी फाटकाकडे तोंड करून ठेवायला सांगितलं.

त्याच दिवशी माणिकबाईंनी त्यांना परत जाताना गडव्याने पन्हं ओतून दिलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"मास्तर, एक सांगू का? तुमची गाडी वाजली का ते डोये उघडतात. तुमी असले तोवर असतात. तुमी गेले का मी नाकाशी आरसा धरून पायते." त्या थांबल्या. "आरसा साफ राहते, मास्तर. रोज."

मास्तरांनी पन्हं न पिताच ओसरीवर ठेवलं. ते घरी आले, न जेवता पडवीत बसले. रमाबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "मी उद्यापासून जाणार नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण मी गेलो नाही तर ते डोळे कोणासाठी उघडतील?" रमाबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि कंदिलाची काच पुसून नवऱ्यासमोर आणून ठेवली.

मास्तर जात राहिले. भीती गेली नव्हती. फाटकाशी आलं की अंगावर काटा येई आणि तो ओसरीवर बसेपर्यंत जात नसे. पण एकदा कागद उघडला की भांडण सुरू होई, आणि भांडणात माणसाला भ्यायला सवड मिळत नाही. ठराव रोज लहान होत होता. 'दीनदुबळे' गेले, 'ज्ञानगंगा' आटली. जाताना प्रत्येक शब्द मास्तरांच्या काळजाचा लचका तोडून गेला. कधी कधी मात्र खुशालराव एखादी गोष्ट सांगत आणि मास्तर ती लिहून घेत. तापटपणा आला. देवीदासशी विहिरीच्या पाण्यावरून केलेलं भांडण आलं, आणि त्यात चूक कोणाची होती तेही आलं. घरी येऊन वाचलं की मास्तरांना वाटे, अरे, हा माणूस उभा राहिला की! अकोल्याच्या ठरावात अलंकार होते, पण कोण मेलं ते त्यातून कळत नव्हतं.

आणि मग एक दिवस खोडण्यासारखं काही उरणार नाही असं दिसू लागलं. त्या रोजच्या प्रतीत त्यांनी एका कोपऱ्यात 'थोर' हा शब्द परत घातला. खुशालरावांनी तो तत्काळ हुडकला.

"हे पुन्हा कोठून आलं?"

"चुकून राहिलं असेल. उद्या नीट करून आणतो."

दुसऱ्या दिवशी 'दानशूर' चुकून राहिला. त्याच्या पुढच्या दिवशी 'भगीरथ' परतला. शाळेत एखाद्या पोराने अशी एकच चूक वेगवेगळ्या ठिकाणी लपवली असती, तर मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं असतं. आता ते सकाळी वर्गात मुलं निबंध लिहीत असताना, उद्या कोणती चूक करावी याचा विचार करत बसू लागले. खुशालराव रोज ती शोधत, रोज चिडत, रोज 'उद्या या' म्हणत. त्यांचा आवाज मात्र दिवसेंदिवस लांबून आल्यासारखा होत चालला होता. एखाद्या शब्दावर बोट ठेवून ते इतका वेळ थांबत, की मास्तर पुढे वाकून पाहत. बोट परत हलायला लागलं की माणिकबाई डोळे मिटून घेत.

एका दुपारी त्या फाटकाशीच उभ्या होत्या. घुंगरमाळ वाजू नये म्हणून त्यांनी बैलांच्या गळ्याला हात लावून धरला.

"आज आत जाच्या आधी आयका," त्या म्हणाल्या. "पह्यले मीच देवाले म्हनत होती का लिवनं लवकर होऊ नये. तुमी आले का मले बरं वाटे. पन ते लय थकले, मास्तर. तुमची गाडी वाजली का कोठून कोठून येतात ते, मले त्याइच्या तोंडावर दिसते. तुमी मुद्दाम चूक ठेवून राहिले, नाई का?"

मास्तर खाली पाहू लागले.

"मले लिवता-वाचता येत नाई. पन माह्या मानसाले कोन कावून बोलावून राहिलं, येवढं समजते. आता नोका ठेवू."

मास्तर दमणीतच बसून राहिले. सूर्यभान बैलांच्या तोंडावरून हात फिरवत राहिला. मग मास्तरांनी मांडीवर पाटी घेतली, तिच्यावर कोरा कागद ठेवला आणि तिथेच सगळं पुन्हा लिहून काढलं. काही लपवलं नाही. गडबडीने लिहिलं तर अक्षर बिघडेल म्हणून सावकाश लिहिलं, आणि सावकाश लिहायला आणखी एक कारण होतं ते त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नाही. मग माणिकबाईंनी हात काढला आणि दमणी आत गेली.

"आज उशीर केला," खुशालराव म्हणाले. "वाचा."

मास्तरांनी वाचलं. हातवारे केले नाहीत.

"'खुशालराव गेले. ते तापट होते. वाचनालयाला त्यांनी जागा दिली. ती खडकाळ होती. देवीदासशी ते पाण्यावरून भांडले आणि त्यात चूक त्यांची होती. वाचनालयातली पुस्तकं त्यांनी वाचली नाहीत, पण दुपारी तिथं कोणी थकूनभागून झोपला तर त्याला त्यांनी कधी उठवू दिलं नाही. ते नाहीत याचं सभेला वाईट वाटतं.'"

मग खुशालराव म्हणाले, "सभेले खरंच वाईट वाटते का?"

मास्तरांना केशवरावांनी करवलेली तसबिरीची चौकट आठवली. "सभेचं मला सांगता येत नाही," ते म्हणाले.

"मंग खोडा."

"'सभेला' खोडतो. 'मला' लिहितो."

"ठरावात 'मले' चालते का?"

"अध्यक्षांनी मान्य केलं तर चालतं." मास्तरांनी टाक दौतीत बुडवला. "मला वाईट वाटतंय, खुशालराव. फार वाईट वाटतंय."

खुशालरावांनी मान वळवली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "लिवा," ते म्हणाले. "खरं असन तं लिवा. आन् खाली तारीख टाका."

मास्तरांनी तारीख टाकली. दिवस आजचा, महिना आजचा, साल मात्र त्यांनी पुढचं घातलं. दहा वर्षं पुढचं घालायचा मोह झाला होता, पण ते खपलं नसतं. मग कागद फुंकून वाळवला आणि खुशालरावांच्या हातात दिला.

खुशालरावांनी बोट ठेवून पहिल्या अक्षरापासून वाचलं. बोट ओळीओळीने खाली सरकलं आणि सालावर येऊन थांबलं. या वेळी ते कितीतरी वेळ हललं नाही. माणिकबाईंनी पंखा खाली ठेवला.

"मास्तर," खुशालराव म्हणाले, "ही चूक मोठी गोड केली तुमी."

"राहू द्या ना ती."

"नाई राहू देता येत."

त्यांनी टाक मागितला. पुढच्या सालावर आडवी रेघ मारली, वर चालू साल घातलं, आणि दुरुस्तीशेजारी केशवरावांच्या नियमाप्रमाणे बारीक सही केली. मग खाली मोठी सही केली. एरवी त्यांची सही डगमगत असे, आज ती सरळ आली. टाक त्यांनी माणिकबाईंच्या हातात दिला.

"आता एकदा सगळं वाचून दाखवा," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

मास्तरांनी वाचायला सुरुवात केली. मान वर करायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं आणि ती केलीही नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, तारीख वाचली, सही वाचली आणि थांबले. कोणी काही बोललं नाही. थोडा वेळ वाट पाहून मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, आणि माणिकबाईंनी त्यांना वाचू दिलं.